एक दिव्याचं सोडलं तर

चिंचपोकळी,
सोमवार, ९ जून २०२५

चि. सौ. दुर्गा हीस,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते. फोन वाजून वाजून थांबतो. पत्राला तसं करता येत नाही, पोस्टमन दारात टाकतो आणि ते तिथे पडून राहतं. तू फाडून टाकलंस तरी फाडण्याआधी चार ओळी डोळ्यांखालून जातीलच. त्या चार ओळींत मुख्य ते सांगते. तुझ्या निलेशचं अपील वरच्या कोर्टात लागलं आहे. निकाल लागेपर्यंत शिक्षा थांबवली आहे. पोरगा जामिनावर बाहेर आहे, आणि बारीक झाला आहे. पहिलं तुला माहीत असणार. बारीक झाल्याचं तो तुला फोनवर सांगणार नाही.

आता फाडायचं तर फाड.

वाचते आहेस असं धरून पुढे लिहिते. तुम्ही अकरा नंबरला कुलूप लावून गावी गेलात त्याला दीड वर्ष झालं. जाताना तू माझ्या चौदा नंबरच्या दारावरून गेलीस आणि भिंतीकडे बघत गेलीस. मी तुला दोष देत नाही. ज्या पोराला मी मांडीवर घेऊन पेज भरवली, जो मला मोठी आई म्हणतो, त्याला माझ्या साक्षीवर दोन वर्षांची शिक्षा झाली. पालिकेची नोकरी निलंबनात अडकली. अपील फेटाळलं तर नोकरी जाणार आणि अपेक्षाच्या घरचे लग्न मोडणार. हे सगळं मला कळतं. पण दुर्गा, मी जे पाहिलं ते सांगितलं. पोलीस घरी आले, विचारलं, मी सांगितलं. कोर्टात शपथ घालून विचारलं, तेच सांगितलं. तीन वर्षांपूर्वी श्रावणात, आठ ऑगस्टच्या सोमवारी, संध्याकाळी सातच्या सुमारास मी गॅलरीत तुळशीपाशी दिवा लावत होते. खाली नळापाशी कुशाबा उभा होता. मागून निलेश आला, त्याने कॅरमच्या स्टँडचा पाय कुशाबाच्या खांद्यावर आणि डोक्यात घातला आणि पळाला. कुशाबाचं गळ्याजवळचं हाड मोडलं, नऊ टाके पडले. त्याने स्वतः मारणाऱ्याला पाहिलंच नाही. सकाळी मात्र अख्ख्या चाळीने ऐकलं होतं, कॅरमच्या खोलीची किल्ली देत नाही म्हणून निलेश त्याला ‘डोकं फोडीन’ म्हणाला होता.

एक दिव्याचं सोडलं तर यातला शब्दन् शब्द खरा आहे.

दिव्याचं पुढे कधीतरी सांगेन.

परवा दादरला जाऊन निलेशच्या नव्या वकीलबाईंना भेटले. मेघना नाव. वय आपल्या पोरांएवढंच, टेबलावर फायलींचा डोंगर आणि त्यावर अर्धवट खाल्लेला वडापाव. मी नाव सांगितलं तशी ती वडापाव सोडून उभी राहिली. म्हणाली, मावशी, मी तुमच्याशी बोलायलाच नको, तुम्ही समोरच्या बाजूच्या साक्षीदार आहात. मी म्हटलं, बोलू नकोस, नुसतं ऐक, माझ्या जबानीत एक ओळ बदलायची आहे. तिने चक्क दोन्ही कानांवर हात ठेवले. माणूस ऐकत नसला की आपण ओरडून सांगतो, पण वकिलाला ओरडून काय सांगणार, बाहेर चार अशील बसले होते.

मग ती शांतपणे म्हणाली, “मावशी, अपिलात साक्षीदाराला बोलवत नाहीत. तुम्ही पिंजऱ्यात उभं राहून जे बोललात ते कागदावर उतरलं. आता जज्ज फक्त तो कागद वाचणार. तुमचा चेहरा नाही, आवाज नाही, काही नाही.”

मी विचारलं, म्हणजे माझ्याबद्दलच बोलणार आणि मलाच विचारणार नाहीत?

म्हणाली, अगदी तसंच. अपवाद असतो, पण तो मागायला गेलं की सरकारी वकील म्हणणार, नातेवाइकांनी म्हातारीला फितवलं.

म्हातारी हा शब्द तिने नंतर मागे घेतला. कागदावर नव्हता म्हणून घेता आला.

तुझी,
कमलवहिनी


चिंचपोकळी,
सोमवार, १४ जुलै २०२५

चि. सौ. दुर्गा हीस,

उत्तर नाही. ठीक आहे. पत्र परतही आलेलं नाही, म्हणजे घेतलंस.

तुला माहीत आहे, हे बाइंडिंगच्या कारखान्यात असताना चुकलेले फर्मे घरी आणायचे. एका फर्म्यात सोळा पानं. माझं सगळं वाचन त्यातलं. कादंबरीची सुरुवात वाचली तर शेवट नाही, शेवट मिळाला तर कोण मेलं ते माहीत नाही. चौथी पास बाई मी, पण तुटक वाचून मधलं ओळखायची सवय लागली. त्या गठ्ठ्यात पुराव्याच्या कायद्यावरचं विद्यार्थ्यांचं एक पुस्तक आहे. माळ्यावरून काढलं. नेमका अपिलाचा फर्मा गहाळ. पण साक्षीदारांचा आहे.

त्यात लिहिलं आहे की साक्षीदार तीन प्रकारचे. एक, पूर्ण विश्वासार्ह. दोन, अजिबात विश्वास न ठेवण्याजोगे. तीन, मधले. पहिल्यांचं ऐकून सरळ निकाल द्यावा, दुसऱ्यांना घरी पाठवावं, तिसऱ्यांना दुसरा पुरावा जोडून बघावा. मी आपल्या मजल्यावर मोजून पाहिलं. पहिल्या प्रकारात कोणी नाही. दुसऱ्यात बारा नंबरची सीमा. पाणी किती वाजता येणार हे विचारलं तरी ती खोटं सांगते. बाकी सगळा मजला तिसऱ्या प्रकारात.

मी कुठल्या प्रकारात, हे ठरवायला बसले आणि दिव्यापाशी अडले.

दुर्गा, मी दिवा लावत नव्हते. हे गेल्यापासून मी तुळशीपाशी दिवा लावलेला नाही. देवावर रागावले होते म्हण, नाहीतर आळस म्हण. त्या सोमवारी मी सुके बोंबील भाजत होते.

हो, श्रावणी सोमवारी.

यांना श्रावण कधी पाळता आला नाही. चाळीस वर्षं दर श्रावणी सोमवारी मी दार-खिडकी लावून, उंबऱ्याला ओला टॉवेल अंथरून यांना चार बोंबील भाजून देत होते, आणि हे टॉवेलाकडे बघत चोरासारखे खायचे. जाऊन चार महिने झाले होते. सोमवार आला, हात डब्यात गेला, चार निघाले. तव्यावर टाकल्यावर लक्षात आलं. मग टाकून कसे देणार, भाजले.

पोलिसाने विचारलं, बाई त्या वेळी गॅलरीत काय करत होतात? शेजारी सीमा उभी, पलीकडे दोन सोवळ्यातल्या बायका, आणि मी चार महिन्यांची विधवा. तोंडातून निघालं, दिवा लावत होते. पोलिसाने लिहून घेतलं. मग कोर्टात तेच बोलावं लागलं, कारण कागदावर एक आणि तोंडात दुसरं असलं की पकडतात, असं मला कोणीतरी सांगितलं होतं.

आणि त्याचं काय झालं माहीत आहे? खालच्या कोर्टाच्या निकालपत्रात लिहिलं आहे: साक्षीदार क्रमांक तीन ही धार्मिक वृत्तीची, वयस्क गृहिणी असून दिवेलागणीच्या वेळी तिचे गॅलरीत असणे नैसर्गिक आहे. त्या न्यायाधीशसाहेबांनी मला समोर पाहिलं होतं ना. यांचं नाव विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघेना. चाळीस वर्षांत मी यांचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं, आणि पिंजऱ्यात काय उखाणा घ्यायचा? दोन मिनिटं कोर्ट थांबलं. शेवटी मी ते कागदावर लिहून दाखवलं. त्याचंही निकालपत्रात आलं आहे, की साक्षीदाराचं वागणं साधं आणि खरं वाटलं.

म्हणजे माझ्या लाजेवर आणि माझ्या दिव्यावर पोरगा आत जातो आहे. हे माझ्या गळ्याशी आलं आहे. बाकी पाहिलं ते पाहिलं, पण हा दिवा मला विझवायचा आहे आणि कोणी विझवू देत नाही.

तुझी,
कमलवहिनी


चिंचपोकळी,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. दुर्गा हीस,

आज सुनावणी झाली. निलेश फोनवर तुला सांगेल, पण तो पुढे वकिलांच्या मागे उभा होता, मी शेवटच्या बाकावर होते. मागून जास्त ऐकू येतं. कोर्ट सगळ्यांना उघडं असतं, कोणीही जाऊन बसावं. हेही मला फर्म्यातूनच कळलं. दारावरचा शिपाई म्हणाला, आजी, कोणाची केस? मी म्हटलं, माझीच. आरोपी? नाही. फिर्यादी? नाही. मग? म्हटलं, मी क्रमांक तीन. त्याने बसू दिलं. मांडीवर मेथीची जुडी असलेली पिशवी होती, ती नीट पायाशी ठेवायला लावली.

जज्जबाई होत्या. त्यांना सर्दी झाली होती. दर पाच मिनिटांनी थर्मासमधून गरम पाणी प्यायच्या. आणि सबंध वेळ मान खाली. वकील हातवारे करत होते ते त्यांनी पाहिले असतील असं वाटत नाही. समोर कागदांचं जाड बाड, पेपरबुक म्हणतात त्याला. शिवण इतकी वाईट की बाई पान उलटत होत्या आणि ते आपोआप मिटत होतं. यांनी पाहिलं असतं तर उठून गेले असते.

आधी मेघना बोलली. चांगली बोलते, पण तिने बोंबील काढले, दुर्गा. खालच्या कोर्टात सीमाची उलटतपासणी झाली तेव्हा ती म्हणून गेली होती, ‘चौदा नंबरमधून सुक्या मासळीचा वास येत होता.’ तिच्या आयुष्यातलं ते एकमेव खरं वाक्य, आणि ते कागदावर उतरलं. मी ती जबानी ऐकली नव्हती, साक्षीदारांना तेव्हा बाहेर बसवतात. म्हणजे तीन वर्षं सगळ्या मजल्याला माहीत होतं, आणि नवी विधवा म्हणून कोणी तोंडावर बोललं नाही. मेघना म्हणाली, श्रावणी सोमवारी मासळी भाजणारी बाई त्याच क्षणी तुळशीपाशी दिवा लावत होती हे अशक्य आहे, ही साक्षीदार शपथेवर खोटं बोलली आहे, तिचा एकही शब्द धरू नये. दहा मिनिटं भर कोर्टात माझे बोंबील. मी पदराने तोंड झाकलं. शेजारच्या बाकावरचे एक गृहस्थ हळूच म्हणाले, कोण असेल हो ही बाई? मी म्हटलं, असतात अशा.

मग सरकारी वकील उठले. त्यांनी माझी इतकी स्तुती केली की तेवढी आपल्या सासरी कोणी केली नाही. वयस्क, विधवा, कोणाशी वैर नाही. आरोपी तिच्या सख्ख्या दिराचा मुलगा, तिने त्याला वाढवलेलं. अशी बाई खोटं नाव घेईल का, आणि खऱ्या गुन्हेगाराला सोडून घरच्याच पोराला का गुंतवेल? शिवाय खालच्या न्यायाधीशांनी तिला प्रत्यक्ष पाहिलं, तिचं वागणं टिपलं. अपिलात आपल्यासमोर नुसता कागद आहे, तेव्हा ज्यांनी पाहिलं त्यांच्या मताला मान द्यायला हवा.

जज्जबाईंनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, मान देतेच आहे. जबानी मराठीत म्हणून त्या मराठीतूनच बोलत होत्या. म्हणाल्या, आणि वकीलबाई, तुमचे बोंबील बाजूला ठेवा. लाजून बोललेलं आणि एखाद्याला अडकवायला बोललेलं यात फरक असतो. आपल्याकडे एक गोष्ट खोटी निघाली म्हणून सगळी साक्ष फेकून देत नाहीत, दाणा आणि भुसा वेगळा करतात. दिवा की मासळी, ही किरकोळ विसंगती आहे.

किरकोळ. दुर्गा, तीन वर्षं त्या दिव्याने माझी झोप खाल्ली आणि ती किरकोळ विसंगती. मला बरं वाटायला हवं होतं. खरं सांगते, अपमान झाल्यासारखं वाटलं.

मला वाटलं, संपलं. पण बाईंनी पान दाबून धरलं, त्यावर थर्मासचं झाकण ठेवलं, आणि विचारलं, “सरकारी वकील, या साक्षीदाराने मारणाऱ्याचं तोंड पाहिलं असं कुठे लिहिलं आहे?”

वकिलांनी पानं चाळली. म्हणाले, साक्षीदार म्हणते, मी निलेशला ओळखलं.

“ते वाचलं मी. त्याच्या आधीच्या ओळीत ती म्हणते, मारणारा पाठमोरा होता. पाठमोरा होता, मी निलेशला ओळखलं. या दोन ओळींच्या मध्ये काय आहे?”

वकील म्हणाले, तिने त्याला लहानाचा मोठा केला, पाठीवरूनही ओळखेल.

तेव्हा बाईंनी उलटतपासणीचं पान काढलं. तिथे तुमच्या आधीच्या वकिलांनी मला विचारलं होतं, मारणाऱ्याच्या अंगात काय होतं? मी म्हटलं होतं, निळ्या चौकडीचा शर्ट. कोणाचा? माझ्या यजमानांचा, तेराव्यानंतर मी तो जावेकडे निलेशसाठी दिला. बस. पुढे त्यांनी विषय सोडला. बाईंनी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, झडतीत शर्ट मिळाला का? नाही. नळापाशी दिवा होता का? पंचनाम्यात नोंद नाही. ही बाई चष्मा वापरते का? हो. त्या क्षणी डोळ्यांवर होता का?

वकिलांनी पुन्हा पानं चाळली. मला ते कधी कोणी विचारलंच नव्हतं.

मी मेथीची पिशवी उचलून उभी राहिले. सांगणार होते. शिपायाने खांद्यावर हात ठेवून बसवलं आणि म्हणाला, आजी, इथे मधे बोलत नसतात.

निकाल राखून ठेवला आहे.

तुझी,
कमलवहिनी


चिंचपोकळी,
शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५

चि. सौ. दुर्गा हीस,

निलेश सुटला. संशयाचा फायदा देऊन निर्दोष. तुला काल दुपारीच फोन आला असेल. पालिकेत कागद द्यायला तो आज गेला आहे.

कोर्टाबाहेर तो माझ्यासमोर आला. मला वाटलं पाया पडेल किंवा तोंड फिरवेल. त्याने दोन्ही केलं नाही. म्हणाला, “मोठी आई, चष्म्याचा नंबर तपासून घे.” आणि गेला. अपेक्षा त्याच्यामागे पळाली, मग परत येऊन माझ्या हातात पाण्याची बाटली देऊन पुन्हा पळाली.

निकालपत्राची प्रत मी अर्ज करून मागवली आहे, पण निकाल वाचला गेला तेव्हा मी होतेच. साक्षीदार क्रमांक तीन ही खोटारडी नाही, असं त्यात म्हटलं आहे. तिने माणूस ओळखला की कपडा, हे पुराव्यावरून सांगता येत नाही, असंही म्हटलं आहे.

ज्यांनी मला समोर उभं करून पाहिलं त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. ज्या बाईने मान वर करून एकदाही पाहिलं नाही, नुसतं नीट वाचलं, तिला मी सापडले. मी जन्मभर तुटक फर्मे वाचून मधलं ओळखत आले, आणि स्वतःच्या दोन ओळींमधलं मला दिसलं नव्हतं.

आता जे तुला सांगायचं ते सांगते. कोर्टाला ते नको आहे, त्यांचं काम झालं.

बोंबील भाजताना खोलीत धूर कोंडला. डोळे झोंबायला लागले, चष्म्यावर तेलकट धूर बसला. मी चष्मा हातात घेऊन बाहेर आले, पदराने पुसत. बाई किरकोळ म्हणाल्या, पण तेवढं किरकोळ नव्हतं ते. दिवा म्हटलं की चष्मा डोळ्यांवर असतो. बोंबील म्हटले असते तर पुढचा प्रश्न धुराचा आला असता आणि त्याच्या पुढचा चष्म्याचा.

खाली अंधुक होतं. नळापाशी तो शर्ट उभा होता. दुर्गा, मी माणूस पाहिलाच नाही. निळ्या चौकड्या पाहिल्या. त्या शर्टाची कॉलर मी दोनदा उलटून शिवली होती. मला वाटलं, हे आले. कामावरून आले आणि नळावर हातपाय धुतायत, आता वर येतील आणि मी चार भाजले आहेत. हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात शर्टाचा हात वर गेला आणि कुशाबा ओरडला.

मग मला आठवलं की हे नाहीत. आणि शर्ट निलेशला दिलेला आहे. म्हणजे निलेश. इतका सरळ हिशेब झाला तो. यांचं भूत म्हणून सांगता येत नव्हतं, म्हणून मी तुझ्या मुलाचं नाव सांगितलं. ते सांगताना मला ते खरंच वाटत होतं, हे तेवढंच खरं आहे.

तो यांचाच शर्ट होता का, तेही आता शपथेवर सांगणार नाही. मुंबईत निळ्या चौकड्या किती असतील. आणि कुशाबाच्या डोक्यात काहीतरी घालावं असं वाटणारी माणसं मोजायला गेले तर आपले दोन मजले पुरे पडत नाहीत. तो हाड जुळल्यावरही कॅरमच्या खोलीची किल्ली देत नाही.

पण एक माझ्या मनात राहिलं आहे, आणि लपवून ठेवलं तर पुन्हा दिव्यासारखं होईल. कोर्टाने निलेशला संशयाचा फायदा दिला. फायदा त्याचा झाला, संशय माझ्याकडे राहिला. तो शर्ट झडतीत का नाही मिळाला? तू मला तेव्हा म्हणाली होतीस, निलेश रोज घालतो, जपून घालतो. मग गेला कुठे? मी उलटतपासणी घेत नाही. मला फक्त त्या पोराकडे बघताना मधे काही नको आहे. तूच सांगू शकतेस. सांगितलं नाहीस तरी मी त्याला घरात घेईन. पण सांग.

तुझी,
कमलवहिनी


चिंचपोकळी,
सोमवार, ५ जानेवारी २०२६

दुर्गा,

डबा मिळाला.

गावचा मयूर काल सकाळी घेऊन आला. म्हणाला, दुर्गाकाकीने दिला, रस्त्यात उघडायचा नाही असं बजावलं. न उघडता त्याने आत सुके बोंबील आहेत ते बरोबर सांगितलं, कारण सबंध एसटीत वास सुटला होता. कंडक्टरने त्याला शेवटच्या सीटवर बसवलं.

झाकण काढून आधी चिठ्ठी वाचली. दोनच ओळी लिहिल्यास. ‘शर्ट बोहारणीला दिला आणि हा डबा घेतला. तुमच्या तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, मग वकील म्हणाले आता तर बोलूच नका, म्हणतील पुरावा विकला.’

मग झाकण लावून, डबा पालथा करून बुडाचं नाव वाचलं. कै. रामचंद्र सोमा चिंदरकर यांचे स्मरणार्थ. त्याखाली तारीख, ३ जुलै २०२२. कुशाबाला मार बसला त्याच्या पाच आठवडे आधीची.

मेघना असती तर म्हणाली असती, नाव घालणाऱ्याला बोलवा, मशीन कोणाचं, तारीख मागाहून कोरली नाही कशावरून. मी कोणाला बोलवत नाही. नवऱ्याच्या थोरल्या भावाचा शर्ट बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घ्यायचा, आणि मग मनाला लागलं म्हणून लालबागला जाऊन त्यावर त्याचंच नाव घालून आणायचं, आणि तो डबा फडताळात पाठीमागे लपवून ठेवायचा, हे कोणाला रचून सांगता येणार नाही. हे तूच करू शकतेस. मी तुला पहिल्या प्रकारात घातलं आहे. त्या प्रकारात अख्ख्या चाळीतून तू एकटी आहेस.

आणि मी रागावले असते हे खरं आहे. तेव्हा सांगितलं असतंस तर मी तुझ्याशी वर्षभर बोलले नसते. आता तीन वर्षं आणि एक कोर्टकेस झाल्यावर वाटतं, डबा बरा आहे. झाकण घट्ट बसतं. शर्टाची कॉलर तिसऱ्यांदा उलटता आली नसती.

संध्याकाळी निलेशला बोलावलं. आला. दारात उभा राहून म्हणाला, चष्मा बदललास? म्हटलं, बदलला, तुझे कान मळलेले दिसतायत. मग आत आला. त्याच्यापुढे डबा ठेवला. त्याने बुड वाचलं आणि विचारलं, हे नाव तू कधी घेतेस का? म्हटलं, नाही, कोर्टातसुद्धा लिहून दाखवलं. म्हणाला, मग आता घे, इथे कोणी लिहून घेत नाही.

घेतलं. एकदा हळू, एकदा नीट. पोरगा भिंतीकडे तोंड करून बसला होता, त्यामुळे त्याने काय पाहिलं आणि काय नाही हे मी सांगू शकत नाही.

आता डब्याचं. तो भरलेला आला, म्हणजे रिकामा परत करता येत नाही. काय भरायचं ते मला सुचत नाही, आणि मयूरबरोबर पाठवायचा तर पुन्हा त्या कंडक्टरचा प्रश्न. तेव्हा तूच ये आणि घेऊन जा. अकरा नंबरची किल्ली माझ्याकडे आहे, खोली झाडून ठेवते. निलेशची नोकरी सुरू होते आहे, अपेक्षाच्या घरच्यांकडे जायचं तर तू हवीसच, मी एकटीच त्याच्याबरोबर गेले तर ते म्हणतील साक्षीदाराला घेऊन आले.

पुढच्या सोमवारी पोचशील अशी निघ. सोमवार आहे हे मला माहीत आहे. सीमालाही माहीत आहे.

आठ काढून ठेवते. यावेळी दार उघडं ठेवून भाजणार आहे.

तुझी,
कमलवहिनी